भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही : जुनं सॉफ्टवेअर नवं करताना ‘आणा, बांधा, तपासा’ हे काम संगणकावर कसं सोपवतात



गेल्या पालकसभेनंतर चौथीतल्या एका मुलीचे वडील मागे थांबले. ते सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करतात. थोरला मुलगा शिकून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलाय. जरा अवघडून म्हणाले, “मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून विचारतो. पोरगा रोज फोनवर सांगतो, रात्रीचा बिल्ड तुटला, आज बिल्ड लागला. नवीन काही बनवत पण नाही म्हणतो, जुनंच नवं करतोय. हे काम तरी काय आहे नेमकं?”

खरं सांगायचं तर मला अर्धंच उत्तर माहीत होतं. मग त्या मुलाशीच फोनवर बोलले. त्याने अर्धा तास छान समजावून सांगितलं. आणि ऐकता ऐकता लक्षात आलं, की आपल्या शाळांमध्ये जे वारंवार घडतं, त्याच दुखण्यावरचं हे औषध आहे. शिक्षकाची बदली होते आणि त्याने तयार केलेलं डिजिटल साहित्य वर्षभरात निकामी होतं. म्हणून आजचा लेख थोडा वेगळ्या विषयावर. संगणकाचं फार ज्ञान नसलं तरी चालेल, अगदी पायरीपायरीने जाऊ.

१. भाकरी आणि पीठ

आपण संगणकावर किंवा मोबाइलवर जे चालवतो तो तयार माल असतो. तो ज्यापासून तयार होतो तो मूळ मजकूर वेगळा असतो. प्रोग्रामरने लिहिलेल्या, माणसाला वाचता येतील अशा सूचना म्हणजे सोर्स कोड. त्या सूचनांपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याच्या क्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. आपण तिला ‘बांधणी’ म्हणू. सोर्स कोड म्हणजे पीठ, बांधणी म्हणजे थापणं आणि भाजणं, आणि चालणारा प्रोग्राम म्हणजे भाकरी.

पिठाची भाकरी होते, भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी या लेखाचा निम्मा भाग समजला.

आमच्या शाळेचं उदाहरण सांगते. माझ्या आधी इथे असलेल्या एका सरांनी दुसरीच्या मुलांसाठी फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये शब्दांचे खेळ बनवले होते. चित्र दिसायचं, खाली तीन शब्द, बरोबर शब्दावर क्लिक केलं की टाळ्यांचा आवाज. मुलं अक्षरशः रांग लावायची. पुढे सरांची बदली झाली. इकडे अडोबी कंपनीने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, की फ्लॅश प्लेअर बंद होणार. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशचा मजकूर चालणंच अडवलं गेलं. कोरोनानंतर शाळा पूर्ववत भरायला लागली, आम्ही हौसेने प्रोजेक्टर लावला, तर पडद्यावर नुसता राखाडी चौकोन!

शाळेच्या पेनड्राइव्हमध्ये फाइली होत्या, पण सगळ्या ‘एसडब्ल्यूएफ’ प्रकारच्या. म्हणजे तयार भाकऱ्या. फ्लॅशमधली मूळ फाइल ‘एफएलए’ प्रकारची असते, ती एकही नव्हती. सरांना फोन केला. त्यांनी बिचाऱ्यांनी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला. त्यात तीन फोल्डर निघाले. ‘खेळ’, ‘खेळ_नवीन’ आणि ‘खेळ_फायनल’. गंमत म्हणजे ‘फायनल’पेक्षा ‘नवीन’ नंतरचं होतं. शाळेत चालत होते ते खेळ नेमके कोणत्या फोल्डरमधून तयार झाले, हे सरांनाही आठवेना.

हसू नका! आपल्यातल्या कितीजणांच्या संगणकात ‘निकाल_फायनल’, ‘निकाल_फायनल_२’ आणि ‘निकाल_खरंच_फायनल’ अशा फाइली आहेत?

२. नोंदवही : सोर्स कंट्रोल म्हणजे काय?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा त्रास आपल्या कितीतरी आधी झाला. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याचं काम एवढंच, की कोडमध्ये कोणी, कधी, काय बदल केला याची नोंद ठेवायची आणि हवी ती जुनी आवृत्ती परत काढून द्यायची. अशा व्यवस्थेला सोर्स कंट्रोल किंवा व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आज जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ‘गिट’ हे लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं.

शाळेतल्या भाषेत सांगायचं, तर ही आवक-जावक नोंदवही आहे. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवीन नोंद करायची. प्रत्येक नोंदीला क्रमांक, तारीख, करणाऱ्याचं नाव आणि ‘हे का केलं’ याची एक ओळ. गिटमध्ये अशा एका नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. एखाद्या नोंदीवर ठळक चिठ्ठी लावता येते, तिला ‘टॅग’ म्हणतात. उदाहरणार्थ, ‘जून २०२४ ला वर्गात वापरलेली आवृत्ती’. मग फोल्डरांना ‘फायनल’ अशी नावं द्यायची गरजच राहत नाही. फोल्डर एकच, आणि त्याचा सगळा इतिहास नोंदवहीत.

सातपूरच्या दादांना मी हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, “आमच्या ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर असतो तसं. जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग चुकून मशिनवर आलं, की अख्खा लॉट रिजेक्ट.” अगदी तसंच!

३. बांधणी हाताने केली तर काय बिघडतं?

समजा नोंदवही आहे, कोड नीट जपलाय. तरी एक प्रश्न राहतो. बांधणी कोण करणार आणि कशी?

हाताने करायची तर कामं अशी असतात : ताजा कोड नोंदवहीतून आपल्या संगणकावर आणायचा, लागणारे इतर सुटे भाग आणायचे, योग्य क्रमाने बांधायचे, चालतंय का ते बघायचं, नाव-क्रमांक देऊन तयार प्रोग्राम योग्य जागी ठेवायचा. दहा-पंधरा पायऱ्या. रोज केल्या तर एक ना एक दिवस एखादी विसरतेच. कोणी ताजा कोड आणायचाच विसरतो आणि कालच्याच कोडची बांधणी करतो. कोणाच्या संगणकावर सहा वर्षांपूर्वी टाकलेला एखादा भाग असतो, म्हणून प्रोग्राम फक्त त्याच्याकडेच चालतो. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ‘माझ्या मशिनवर तर चालतंय’ हे वाक्य विनोद म्हणून सांगतात, पण ते रडकुंडीला आणणारं वाक्य आहे.

याच बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ नावाचं साधन बनवलं. कोणता भाग कशापासून बनतो हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मग ‘मेक’ बघतं, की काय बदललंय, आणि फक्त तेवढंच पुन्हा बांधतं. म्हणजे कृती माणसाच्या डोक्यातून निघून कागदावर आली. आईच्या हातची पुरणपोळी आणि लिहिलेली पाककृती यातला हा फरक आहे. आईच्या हाताला चव असते हे खरं, पण आई गावाला गेली की?

पुढची पायरी म्हणजे हे सगळं आपोआप होणं. एक वेगळा संगणक ठेवायचा. त्याचं काम ठरलेलं :

• ठरलेल्या वेळी, किंवा नोंदवहीत नवीन नोंद पडली की लगेच जागं व्हायचं.
• कोरी जागा घ्यायची, कालचं काहीही वापरायचं नाही.
• नोंदवहीतून कोड आणायचा.
• लिहिलेल्या कृतीप्रमाणे बांधायचं.
• चाचण्या घ्यायच्या.
• पास झालं तर तयार प्रोग्राम जागेवर ठेवायचा, नापास झालं तर थांबून सगळ्यांना कळवायचं.

या पद्धतीला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. जेन्किन्स, गिटहब ॲक्शन्स ही त्यासाठीची आजची प्रसिद्ध साधनं. आणि ‘बिल्ड तुटला’ म्हणजे यातली एखादी पायरी अडली. त्या पुण्याच्या मुलाचं काम हेच, की ही साखळी उभी करायची आणि तुटली तर कुठे तुटली ते शोधायचं.

४. जुनं नवं करताना ही साखळी आधी का?

तो मुलगा ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं आहे. ही मायक्रोसॉफ्टची भाषा १९९८ मध्ये आली. तिच्यात काम करण्याच्या साधनाचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला, पण तिच्यात बनलेले प्रोग्राम आजही कितीतरी दुकानांत, कारखान्यांत, दवाखान्यांत चालू आहेत. त्यांचा कोड बऱ्याचदा ‘व्हिज्युअल सोर्ससेफ’ या तितक्याच जुन्या नोंदवहीत असतो. तिची २००५ नंतर नवी आवृत्तीच आलेली नाही.

मी म्हटलं, “मग सरळ नवीन भाषेत लिहून टाका की!” तो म्हणाला, “मॅडम, घराचा पाया बदलायचाय, पण माणसं घरातच राहतायत.” मग त्याने क्रम सांगितला. तो मला फार आवडला, कारण तो कुठल्याही जुन्या गोष्टीला लागू पडतो.

पहिली पायरी : काहीही न बदलता, जसं आहे तसं जुनं सॉफ्टवेअर एका कोऱ्या संगणकावर बांधून दाखवायचं. ऐकायला सोपं, पण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. कारण कोणत्या सुट्या भागांची गरज आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. जुन्या माणसाच्या संगणकात ते कधीतरी बसवलेले असतात आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. एकेक भाग शोधायचा, लिहून ठेवायचा, नोंदवहीत टाकायचा.

दुसरी पायरी : हे बांधणं हाताने नाही, तर लिहिलेल्या आज्ञांनी करायचं. अशा आज्ञांच्या फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. जुन्या साधनांनाही आज्ञा देता येतात. सोर्ससेफला ‘अमुक चिठ्ठीचा कोड आण’ असं सांगता येतं आणि व्हिज्युअल बेसिक ६ ला ‘मेक’ हा शब्द जोडून, खिडकी न उघडता, थेट बांधायला सांगता येतं. म्हणजे म्हाताऱ्या बैलालाही नव्या गाडीला जुंपता येतं.

तिसरी पायरी : आत्ता प्रोग्राम काय उत्तर देतो ते नोंदवून ठेवायचं. अमुक बिल टाकलं तर अमुक बेरीज. बरोबर की चूक हा प्रश्न नंतरचा. आधी ‘आज हे असं आहे’ याचा फोटो काढून ठेवायचा.

चौथी पायरी : आता बदलायचं. पण एका वेळी एकच गोष्ट. आज फक्त नोंदवही बदलली, सोर्ससेफमधून गिटमध्ये. बांधा, तपासा. उद्या फक्त एक सुटा भाग नवा. बांधा, तपासा. दोन्ही एकदम केलं आणि बिघडलं, तर दोष कोणाचा हे कळत नाही.

आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. डॉगरिजचा खुंट आधी जमिनीत धरू देतात, मगच त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतात. मूळ धरलंय की नाही हे न बघता कलम करत नाहीत.

५. मराठी अक्षरांचं उदाहरण : लोहित

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, आपला काय संबंध, असं वाटेल. म्हणून आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण घेऊ. संगणकावरची मराठी अक्षरं.

लिनक्सवर देवनागरी वाचणाऱ्यांनी ‘लोहित’ हा फॉन्ट नक्की पाहिला असेल. रेड हॅट कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या फॉन्टमालिकेची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिली. तीच ‘श्रीलिपी’वाली कंपनी. हे फॉन्ट मुक्त आहेत, २०११ पासून ते ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत. म्हणजे कोणीही वापरावेत, सुधारावेत, वाटावेत.

फॉन्टलाही पीठ आणि भाकरी असते बरं का! आपण संगणकात टाकतो ती ‘टीटीएफ’ फाइल म्हणजे तयार भाकरी. मूळ आराखडा वेगळा असतो. अक्षरांचे आकार ‘फॉन्टफोर्ज’ या मुक्त साधनाच्या फाइलीत असतात. ती साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे कोणत्या अक्षराचा आकार कधी बदलला हे नोंदवहीत दिसतं. जोडाक्षरं कशी जुळवायची याचे नियम दुसऱ्या फाइलीत असतात. या फॉन्टची पुढे ‘लोहित २’ म्हणून नव्याने मांडणी झाली, तेव्हा हे नियम असे वेगळे काढले गेले, म्हणजे ते दुसऱ्या फॉन्टलाही वापरता यावेत. बांधणीसाठी ‘मेक’च, ते १९७६ चं!

आणि तपासणी? इथे मराठी शिक्षकाने कान टवकारायला हवेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. एका रेफाने अर्थ उलटापालटा होतो. जोडाक्षराचा एक नियम दुरुस्त करताना दुसरं जोडाक्षर बिघडू शकतं आणि हजारो जोड्या डोळ्यांनी कोण बघणार? म्हणून लोहितमध्ये चाचणीच्या शब्दांची एक यादी आणि ‘या शब्दांना फॉन्टने नेमका काय आकार द्यायला हवा’ याची नोंदवलेली उत्तरं आहेत. नवा फॉन्ट बांधला, की एक छोटा प्रोग्राम ते शब्द ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणी करणाऱ्या साधनातून काढतो आणि उत्तरांशी ताडून पाहतो. थोडक्यात, तपासलेली उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर तपासणं.

या फॉन्टच्या नोंदवहीलाही घर बदलावं लागलं. ती फेडोरा प्रकल्पाच्या ‘फेडोरा होस्टेड’ या जागेवर होती. ती जागा २०१७ मध्ये बंद झाली आणि लोहितचं काम ‘पॅग्युअर’ या नव्या जागेवर गेलं. पण गिटची गंमत अशी, की प्रत्येक प्रतीबरोबर सगळा इतिहास असतो. त्यामुळे घर बदललं तरी नोंदवही हरवत नाही. आपले जुने ब्लॉग, जुन्या वेबसाइट बंद पडल्यावर काय झालं ते आठवून पाहा, म्हणजे याची किंमत कळेल.

फेडोरा या लिनक्समध्ये ‘कोजी’ नावाची व्यवस्था आहे. ती प्रत्येक प्रोग्रामची बांधणी-कृती गिटमधून आणते, कोऱ्या जागेत बांधते आणि नोंद ठेवते. बहुतेक नव्या आवृत्त्यांच्या आधी तिथे ‘मास रिबिल्ड’ होतो. म्हणजे हजारो प्रोग्राम एकामागून एक नव्याने बांधून पाहायचे. कोड बदललेला नसला तरी! का? कारण आजूबाजूची साधनं बदललेली असतात. १ जानेवारी २०२० ला पायथन २ या भाषेचा आधार संपला, तेव्हा ज्यांच्या बांधणीत पायथन २ च्या आज्ञा होत्या त्यांना त्या बदलाव्या लागल्या. जे नियमित बांधून पाहत होते त्यांना ते वेळेत कळलं. जे पाहत नव्हते त्यांना आमच्यासारखा राखाडी चौकोन दिसला.

६. आमच्या शाळेत आम्ही काय केलं?

आता आमच्या शब्दखेळांकडे परत येऊ. फ्लॅशच्या जुन्या फाइली चालवून दाखवणारं ‘रफल’ नावाचं मुक्त साधन आहे. त्याने आमचे दोन-तीन खेळ तात्पुरते चालू झाले. पण त्यात नवीन शब्द घालता येईनात. शेवटी ठरवलं, साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतील अशी पानं नव्याने करायची. त्या दादांच्या मुलाने दोन रविवार दिले.

सगळ्यात आधी त्याने तिन्ही फोल्डर जसेच्या तसे गिटमध्ये टाकले. पहिली नोंद : ‘सरांच्या लॅपटॉपवरून, काहीही बदल नाही’. मग आम्ही शब्द आणि पान वेगळे केले. शब्द, त्याचं चित्र आणि दोन चुकीचे पर्याय अशी साधी यादी. पानाचा साचा एकच. एक छोटी स्क्रिप्ट यादी वाचते आणि सगळी पानं तयार करते. यादीत बदल करून नोंद केली, की पुढचं आपोआप : यादी आणणं, पानं बांधणं, तपासणं आणि शाळांना देण्यासाठी एक झिप फाइल बनवणं. मला फक्त यादी भरता आली पाहिजे, आणि ती तर कोणीही शिक्षक भरू शकतो.

चाचण्या तीनच ठेवल्या. प्रत्येक शब्दाचं चित्र फोल्डरमध्ये आहे का? एकच शब्द दोनदा आलाय का? आणि मराठी शब्दात एखादं इंग्रजी अक्षर घुसलंय का? ही तिसरी का, ते जुन्या फॉन्टवर काम केलेल्यांना लगेच कळेल. सरांच्या फाइलीतला मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला होता. तो बदलून घेताना मध्येच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं राहून जातात. पहिल्याच बांधणीत चौदा शब्द नापास झाले आणि झिप बनलीच नाही. मला खूप बरं वाटलं! हे चौदा शब्द मी डोळ्यांनी बघितले असते, तर निम्मे तरी सुटले असते.

पण खरा धडा पुढेच मिळाला. सगळ्या चाचण्या पास झाल्या, खेळ वर्गात लावला. डोंगर आणि खोल उतारांचं चित्र आलं, तर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, डोंगरात समुद्र कसा आला?” बघते तर शब्द होता ‘दर्या’! जुन्या फॉन्टमधून बदलताना ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला होता. दोन्ही शब्द शुद्ध मराठी, दोन्हींत इंग्रजी अक्षर नाही. संगणकाच्या मते सगळं ठीक.

यंत्राला आपण जे विचारायला शिकवतो तेवढंच ते विचारतं. त्या दिवशी आम्ही चौथी चाचणी वाढवली. दऱ्या, पऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, कोऱ्या, न्याहाऱ्या असे ऱ्या असलेले शब्द एका वेगळ्या यादीत ठेवले आणि ते खेळात जसेच्या तसेच आले पाहिजेत असं सांगितलं. आता ती चूक पुन्हा होणार नाही, मी बदलून गेले तरी. बिनचूक होण्याची हमी स्वयंचलनाने मिळत नाही. पण एकदा सापडलेली चूक कायमची पकडून ठेवता येते, ही काही छोटी गोष्ट नाही.

७. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

• तयार फाइलीबरोबर मूळ फाइलही जपा. पीडीएफबरोबर वर्डची, व्हिडिओबरोबर मूळ प्रोजेक्टची. मोबाइल ॲप बनवलं असेल तर ‘एपीके’ पुरेसं नाही. ॲप इन्व्हेंटरमध्ये बनवलं असेल तर ‘एआयए’ फाइल जपा आणि ॲपवर सही करणारी किल्लीची फाइलही जपा. ती हरवली, तर फोनवर आधीपासून असलेल्या ॲपवर नवी आवृत्ती बसत नाही.
• एक ‘वाचा’ फाइल लिहा. कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट, कोणत्या क्रमाने काय करायचं. तुम्ही उद्या बदलून गेलात तर नवीन शिक्षकाला कळेल असं.
• ती फाइल वाचून दुसऱ्या शिक्षकाला, दुसऱ्या संगणकावर ते साहित्य तयार करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे अडेल तिथे तुमची कृती अपुरी आहे.
• गिट लगेच जमलं नाही तरी हरकत नाही. तारखेच्या नावाचा फोल्डर आणि वहीत ‘काय बदललं’ याची एक ओळ, इथून सुरुवात करा.
• बदली होण्याआधी चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टरबरोबर हे साहित्यही द्या.

आणि एक महत्त्वाची सूचना. मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक, पोर्टलचे पासवर्ड असं काहीही या नोंदवहीत टाकू नका. गिटमध्ये फाइल पुसली तरी ती इतिहासात राहते. जी गोष्ट आपल्याला इतकी उपयोगी, तीच इथे अंगाशी येऊ शकते.

८. वर्गात घेता येईल अशी कृती

तिसरी-चौथीच्या वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने भेळ करण्याची कृती कार्डांवर लिहायची, एका कार्डावर एकच सूचना. दुसऱ्या गटाने कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं वापरायचं नाही. आमच्याकडे पहिल्या वेळी कांदा न चिरताच अख्खा पातेल्यात पडला, कारण ‘कांदा घाला’ एवढंच लिहिलं होतं! मुलं पोट धरून हसली आणि मग स्वतःच कार्डं सुधारली. प्रत्येक सुधारणेला क्रमांक आणि तारीख घाला, जुनं कार्ड फेकू नका, मागे लावून ठेवा. पुढच्या आठवड्यात तीच कार्डं तिसऱ्या गटाला द्या. लेखन, सूचनावाचन आणि क्रम लावणं असे तिन्ही घटक एकाच तासात होतात, वर भेळ मिळते.

सातपूरच्या दादांना हे सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे ड्रॉइंग, मशीन आणि इन्स्पेक्शन एका ओळीत लावतो आमचा पोरगा. आणि जुनी मशीन बंद न पाडता नवी बसवतो.” मी म्हटलं, “अगदी बरोबर.” ते म्हणाले, “मग असं सांगायचं ना त्याने पहिल्यांदाच!”

तुमच्या शाळेच्या कपाटात, जुन्या पेनड्राइव्हमध्ये अशा किती भाकऱ्या पडून आहेत, एकदा बघा. ज्यांनी त्या बनवल्या त्या शिक्षकांना फोन करा. पीठ अजून कुणाच्या तरी माळ्यावर असेल.